अडीच पाऱ्यांचा पलंगपोस

“चपला इथं काढा आणि डोकं सांभाळा,” मौलाना वजीहुद्दीन म्हणाले. मी चपला काढल्या आणि चौकटीवर डोकं आपटलं.

“सगळेच आपटतात,” ते म्हणाले. “मागच्या महिन्यात एक मोठे साहेब आले होते, त्यांनी दोनदा आपटलं. येताना आणि जाताना. तुमचं अजून एक बाकी आहे.”

कपाळ चोळत मी आत गेलो. लांबट खोली होती. फरशी उखडून जमिनीत चार खड्डे खणलेले, प्रत्येक खड्ड्यात पाय सोडून एकेक विद्यार्थी बसलेला, समोर माग. चौघं अठरा-वीस वर्षांचे, चौघांच्या डोक्यावर जाळीच्या पांढऱ्या टोप्या. चौघंही पुढं-मागं झुलत होते आणि एका सुरात भराभर काहीतरी म्हणत होते. हात मागावर, नजर धाग्यांवर आणि तोंड सुरू.

ही शहाऐंशी सालची गोष्ट. औरंगाबादच्या एका दैनिकात मी दर रविवारी ‘चिमटा’ नावाचं सदर लिहीत असे. सदर लोकप्रिय होतं, म्हणजे ज्यांना चिमटा बसलेला नसे ते हसत. मौलाना मला ओळखत नव्हते. एक दिवस सायकल बाहेर लावून ते सरळ कचेरीत आले आणि म्हणाले, “टाकळकरसाहेब, आमच्या मदरशाबद्दल दोन शब्द लिहा. विनोदी लिहिलं तरी चालेल. गंभीर लिहिलेलं आमच्याबद्दल बरंच छापून येतं, त्याचा काही उपयोग होत नाही.”

एवढ्या मोकळ्या मनानं परवानगी देणारा माणूस मला त्यापूर्वी भेटला नव्हता. नंतरही नाही, आणि ते ठीकच झालं.

मदरसा जुन्या शहरात होता, मौलाना त्याचे मुख्य. बीड, जालना, परभणीकडच्या खेड्यांतली चाळीस मुलं तिथं राहून शिकत. सकाळी धर्माचं शिक्षण, आणि मोठ्या मुलांना दुपारच्या नमाजनंतर माग. मागावर हिमरू विणत. उभा धागा सुताचा, नक्षीचा आडवा धागा रेशमाचा. शिकवायला उस्ताद चाँदसाब होते. सत्तरी ओलांडलेली, डोळ्यांवर जाड भिंग, आणि जिभेला अजिबात चष्मा नाही.

त्यांनी मला पायापासून वर न्याहाळलं. “साब, ये पतलून कौन बुने?”

“मिलमध्ये झाली असेल,” मी म्हटलं.

“हौ, वोइच बोलतूं. बेवारस दिखतीय.”

उस्ताद दखनी बोलत होते, मी मराठी बोलत होतो, आणि दोघांना एकमेकांचं सगळं समजत होतं. हे मुद्दाम नमूद करून ठेवतो.

त्यांनी मला माग दाखवला. अंगाला निखळ रेशीम लागणं त्यांच्याकडे पुरुषांना मना, म्हणून आत सूत आणि वर रेशीम. “नवाब के शौक भी पूरे, मौलवी भी खुश,” उस्ताद म्हणाले. मौलाना शेजारीच उभे होते. ते म्हणाले, “मौलवी एवढ्यात खुश होत नाही.”

“आणि ही मुलं म्हणतायत काय?” मी विचारलं.

उस्तादांनी हात वर केला, मुलं थांबली. मग त्यांनी एका मुलाला खूण केली, त्यानं सावकाश म्हणून दाखवलं: “दो छोड, तीन उठा. एक छोड, पाँच उठा. दो छोड, दो उठा, मोड.”

नक्षी, म्हणजे किती धागे सोडायचे आणि किती उचलायचे, ती कागदावर कुठं नव्हती. ती उस्तादांच्या तोंडात होती, त्यांच्या बापाच्या तोंडातून आलेली. एका बुट्ट्याला असे चारशे-साडेचारशे आकडे. बाहेरची पोरं महिनाभरात विसरून पळून जायची. मग मौलानांना सुचलं, की आपली मुलं तर कुराणाचे तीस पारे, म्हणजे तीसच्या तीस भाग, तोंडपाठ करणारी. त्यांना चारशे आकडे म्हणजे किस झाड की पत्ती. मुलांनी आठवड्यात बुट्टा पाठ केला. पाठांतराची सवय झुलून करायची, म्हणून आकडेही झुलून. मात्र मागावर बसल्यावर कलाम, म्हणजे कुराणातलं काही, पढायचा नाही, अशी उस्तादांची सक्त ताकीद होती. आकडा चुकतो, आणि कलामाकडेही लक्ष राहत नाही.

मी हे सगळं वहीत लिहून घेतलं. ‘दो छोड, तीन उठा’सुद्धा.

नंतर चहा घेताना मौलाना म्हणाले, “मदरसा चंद्यावर चालतो. त्यातला निम्मा हाजी यासीनसाहेबांचा. लाकडाची वखार आहे त्यांची. माणूस वाईट नाही. पण त्यांच्या घरी काही असलं की माझी चाळीस मुलं तिथं जातात. आधी पठण करतात, मग ताटं उचलतात. गेल्या वेळी परीक्षा होती, तरी गेली. आता ते म्हणतात, माझ्या मेव्हण्याच्या मुलाला मदरशाचा मुख्य करा. तो मुलगा फर्निचरचं बरं जाणतो.”

“मग?”

“स्टेशनकडे एक नवं हॉटेल झालंय. त्यांनी बारा पलंगपोस मागितलेत. दहा तयार आहेत. हे पसंत पडले तर दोन वर्षांचं पडद्यांचं काम आहे. तसं झालं तर रमजानच्या आधी मी हाजीसाहेबांकडे जाईन, सलाम करीन, चहा पिऊन परत येईन. मागणार काही नाही.” ते थोडं हसले. “नुसता सलाम करून परत यायचं कसं असतं, ते मला एकदा बघायचंय.”

निघताना माझं डोकं पुन्हा आपटलं. मौलाना म्हणाले, “हिशेब पुरा झाला.”

घरी येऊन मी लिहायला बसलो. ‘दो छोड, तीन उठा’ हे वाक्य कागदावर लिहिलं आणि त्याच्याकडे अर्धा तास पाहत राहिलो. त्यात विनोद सापडेना. माहिती होती, आणि रविवारी सकाळी माहिती कुणाला नको असते. मग मला सुचलं. मी लिहिलं, की या मदरशात कपडा विणताना पोरं अखंड पठण करतात, त्यामुळे एकेका पलंगपोसात अडीच पारे विणले जातात. उन्हाळ्यासाठी हलका हवा असल्यास दीड पाऱ्याचाही मिळेल. गिऱ्हाइकानं नुसतं वर झोपावं, पुण्य खालून आपोआप चढतं.

मला नीट समजावून सांगितलं होतं, मी नीट लिहून घेतलं होतं, आणि मग वेगळंच छापायला दिलं. आमच्या धंद्यात याला शैली म्हणतात.

रविवारी बायकोनं सदर वाचलं. ती सहसा हसत नसे, पण नाकातून एक आवाज काढत असे, तोही आला नाही.

“असं म्हणतात का ते खरंच?”

“साधारण,” मी म्हणालो.

“साधारण म्हणजे?”

“म्हणजे काहीतरी म्हणतात.”

तिनं पेपरची घडी घातली.

सोमवारी कचेरीत सगळे खूश होते. एका वाचकानं फोन करून विचारलं, आमच्या देवांचा एखादा पलंगपोस मिळेल का. मंगळवारी हॉटेलचे मॅनेजर सबनीस यांचा मौलानांना निरोप गेला, की माल पाठवू नका. बुधवारी मौलाना माझ्या घरी आले. सायकल त्यांनी हातात धरूनच ठेवली होती, कुंपणाला टेकवली नाही.

“बसा तरी,” मी म्हणालो.

“बसतो, पण आधी ऐका. वाईट वाटून घेऊ नका.” हे ते मला म्हणत होते. “तुमचा लेख आमच्या मोहल्ल्यात उर्दूत करून कुणीतरी वाचून दाखवला. उर्दूत विनोद उतरला नाही, बाकी सगळं उतरलं. लोक म्हणतात, ज्या कपड्यावर कलाम पढला, तो हॉटेलच्या पलंगावर घालणार? त्यावर लोक काय काय करणार? बूट घालून बसणार, पिऊन लोळणार. ही बेअदबी आहे. दोन घरांतून आमच्या मागावर विणलेल्या शाली परत आल्या. परत आणणारी बाई रडत होती. तिनं बाळाला न्हाऊ घालून त्या शालीत गुंडाळलं होतं.”

“पण ते तसं नाहीये,” मी म्हणालो.

“हे मला माहीत आहे. उस्तादांना माहीत आहे. तुम्हालाही माहीत आहे.” त्यांनी तिघांची नावं अशी ओळीनं घेतली, की मला कुठं बघावं कळेना. “सबनीससाहेब म्हणतात, मोहल्ल्याच्या वडीलधाऱ्यांनी लिहून दिलं, की कपड्यावर काही पढलेलं नाही, तर मी आजही माल घेतो. मला फक्त दारात मोर्चा नको. आमच्याकडे असा शब्द मुनीरुद्दीन मास्तरांचा चालतो. पण मास्तर म्हणतात, तुम्ही आणि उस्ताद मालवाले. मुलंही तुमचीच. आज ती आकडे म्हणून दाखवतील, तेव्हा काय म्हणत होती कुणी सांगावं? ज्यानं लिहिलं तो तिसरा माणूस. त्यानं येऊन सांगावं.”

“येतो की,” मी लगेच म्हणालो. “त्यात काय.”

मौलानांनी सायकल कुंपणाला टेकवली आणि चहा घेतला.

शुक्रवारी दुपारच्या नमाजनंतर आम्ही मास्तरांच्या घरी गेलो. मुनीरुद्दीन मास्तरांनी उर्दू शाळेत चाळीस वर्षं मराठी शिकवलं होतं. हे नाव मला ओळखीचं होतं. माझ्या शुद्धलेखनाच्या चुका दाखवणारी पोस्टकार्डं कचेरीत येत, त्यांच्याखाली हीच सही असे. बैठकीत आणखी तीन वयस्क मंडळी होती. तक्के होते, पंखा होता, आणि मास्तरांच्या मांडीवर एक जाडजूड रजिस्टर होतं.

“या टाकळकरसाहेब,” मास्तर म्हणाले. “तुम्हाला बघायची फार इच्छा होती. फोटोत तुम्ही उंच वाटता.”

“फोटोत मी बसलेला आहे,” मी म्हणालो.

मंडळी हसली. माझं तिथंच बिघडलं असावं. एकदा हशा मिळाला की मला ती जागा सोडवत नाही.

मास्तरांनी रजिस्टर उघडलं. आत माझ्या सदराची कात्रणं होती, पहिल्या रविवारपासूनची. प्रत्येक कात्रण खळीनं डकवलेलं, समासात तारीख, कुठं कुठं तांबड्या शाईची खूण. आमच्या संपादकाकडेसुद्धा माझं सगळं लेखन नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं.

“मी या मंडळींना सांगत होतो,” मास्तर म्हणाले, “हा माणूस थट्टा करतो, पण खोटं लिहीत नाही. मी मुलांना वर्गात हे वाचून दाखवलंय. थट्टा कशी करावी, तर अशी करावी, पदरचं काही न घालता.” त्यांनी रजिस्टरवर हात ठेवला. “आता तुम्ही सांगा. तुम्ही मदरशात गेलात, मागाजवळ उभे राहिलात. मुलं काय म्हणत होती?”

मौलाना माझ्या डाव्या हाताला बसले होते. ते माझ्याकडे पाहत नव्हते. खात्री असलेला माणूस पाहत नाही.

दो छोड, तीन उठा. एवढं म्हणायचं होतं. आणि त्याच्या मागोमाग हेही म्हणावं लागलं असतं, की हे मी ऐकलं होतं, मला कळलं होतं, वहीत आहे, आणि तरी मी पदरचं घातलं. समोर तारखांनिशी डकवलेली माझी सात वर्षं उघडी होती.

“मास्तर,” मी म्हणालो, “खरं सांगायचं तर मला अरबी येत नाही.”

यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. मला अरबी खरोखरच येत नाही.

“मुलं झुलत होती, भराभर म्हणत होती,” मी पुढं म्हणालो. “मला वाटलं, पठण असावं. माझी समजण्यात चूक झाली असेल. तसं असेल तर मी माफी मागतो.”

किती साळसूद वाटलं ते मला स्वतःलाही. न समजून झालेली चूक. कात्रणावर तांबडी खूण करून सोडून देण्यासारखी.

मास्तरांनी रजिस्टर मिटलं. मग त्यांनी शिक्षकासारखं विचारलं, “म्हणजे मुलं काय म्हणत होती, हे तुम्हाला सांगता येणार नाही.”

“खात्रीनं नाही.”

“आकडे असतील?”

“असतील.”

“आणि कलामही असू शकेल.”

मी वर पंख्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता मौलाना बोलतील. मुलाला थांबवून सावकाश म्हणायला लावलं होतं, तुम्ही वहीत लिहून घेतलंत, असं ते म्हणतील. त्यांनी फक्त दाढीवरून हात फिरवला.

“मग माझ्यानं सही होणार नाही,” मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला होता. “वजीहुद्दीनमियाँ, तुमच्यावर माझा शक नाही. पण शंका राहिली आणि मी सही केली, तर वर जाऊन उत्तर मला द्यायचंय. या साहेबांनी प्रामाणिकपणे सांगितलं, की आपल्याला ठाऊक नाही. मीही तेवढंच म्हणू शकतो.”

“बरोबर आहे,” मौलाना म्हणाले आणि उठले.

“चहा येतोय,” मास्तर म्हणाले. “टाकळकरसाहेब, तुम्ही तरी थांबा. दोन कात्रणं हुकलीत माझी, त्यांच्या तारखा हव्यात.”

“पुन्हा येईन,” मी म्हणालो, आणि मौलानांच्या मागं निघालो.

आम्ही गल्लीच्या टोकाकडे निघालो. मौलाना सायकल हातात धरून चालत होते आणि चेन कुरकुरत होती. टोकाला आल्यावर ते थांबले.

“टाकळकरसाहेब, एक विचारू? माझ्या माहितीसाठी.”

“विचारा.”

“दो छोड, तीन उठा. ही अरबी होती?”

रस्त्यावरून एक हातगाडी चालली होती. ती जाईपर्यंत आम्ही दोघं बाजूला उभे राहिलो.

“तुम्ही तिथं का बोलला नाहीत?” मी विचारलं. माझ्या आवाजात जरा तक्रारच होती, हे आता आठवून लाज वाटते. “तुम्हाला माहीत होतं. तुम्ही म्हणायचं होतं, की हा माणूस खोटं बोलतोय.”

“तुम्हाला तिथं मी घेऊन गेलो होतो,” मौलाना म्हणाले. “आपणच कुणाला बैठकीत न्यायचं आणि आपणच त्याला चार माणसांत खोटा पाडायचा, हे आमच्याकडे होत नाही. आणि मी बोललो असतो तरी ते माझं बोलणं झालं असतं. मालवाल्याचं.” त्यांनी पायजम्याचा पाय वर खोचला, चेनमध्ये अडकू नये म्हणून. “चला. उद्या हाजीसाहेबांकडे जावं लागेल.”

“मी येऊ बरोबर?”

“नको,” ते म्हणाले. त्यात राग नव्हता. “तिथं खरं बोलणारा माणूस लागत नाही.”

सायकलवर बसून ते गेले.

मागांचं पुढं काय झालं ते सांगून टाकतो. हॉटेलनं मिलचे पलंगपोस घातले. हाजीसाहेबांनी रमजानच्या आधी मदरशाला भरघोस मदत केली आणि मुख्याची खुर्ची मेव्हण्याच्या मुलाला मिळाली. त्याला बसायला मोठी खोली हवी होती, म्हणून खड्डे मुरूम टाकून बुजवले. खड्डे त्यात रोज पाय सोडून बसणाऱ्या मुलांनीच बुजवले, असं मी ऐकलं. उस्ताद लेकीकडे जालन्याला गेले आणि वर्षभरात वारले. बुट्ट्याचे आकडे मुलांना पुष्कळ दिवस येत असतील. माग नसला तर नुसते आकडे म्हणून कुणी काय करणार. मौलाना त्या फर्निचर जाणणाऱ्या मुलाच्या हाताखाली आणखी दोन वर्षं शिकवत होते. मी पुढं बावीस वर्षं सदर चालवलं. मास्तरांची पोस्टकार्डं येत राहिली. एकदा त्यांनी माझ्या प्रामाणिकपणाचा उल्लेख केला होता. मी उत्तर पाठवलं नाही.

त्या दुपारचं थोडं सांगायचं राहिलं.

मौलाना गेल्यावर मी गल्लीच्या टोकाशी उभा होतो. मास्तरांचं घर तिथून फार तर शंभर पावलं. मागं वळून पाहिलं तर त्यांच्या दारातल्या चपलाही दिसत होत्या. मंडळी अजून बसलेली होती. चहा नुकताच आत गेला असणार. परत जायचं, दारात उभं राहायचं आणि एक वाक्य बोलायचं, एवढंच काम होतं. सही व्हायला तेव्हासुद्धा वेळ होता. सबनीस आठपर्यंत हॉटेलात असत.

मी वाक्य मनात जुळवून पाहिलं. पहिल्यांदा नीट जुळलं नाही. दुसऱ्यांदा जुळलं. साधं होतं, त्यात विनोद नव्हता. मी दहा-बारा पावलं मागं गेलोसुद्धा. तेवढ्यात मास्तरांच्या बैठकीतून हसण्याचा आवाज आला. माझं ते फोटोचं वाक्य मास्तर पुन्हा कुणाला तरी सांगत होते.

मी समोरून आलेली रिक्षा थांबवली आणि घरी गेलो. रविवारचा मजकूर द्यायचा होता.